बुवांची वही : संघटनेच्या एका कार्यकर्त्याच्या निधनानंतरचे दिवस

हे प्रकरण गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, २०१९ च्या जून महिन्यातले आहे. नदीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवरील कामगारांच्या एका संघटनेचे सरचिटणीस अचानक वारले आणि त्यांची आठवण कशी जागवायची यावरून संघटना, घर आणि गावचे भजनी मंडळ यांच्यात जे ताण निर्माण झाले, त्यांची ही नोंद. मी तेव्हा त्या संघटनेचा सहचिटणीस होतो. काही निर्णय माझे होते आणि त्यांतला एक सरळसरळ चुकला. व्यक्ती, गाव, संघटना आणि कंपनी यांची नावे दिलेली नाहीत. दिवंगताला जेट्टीवर सगळे 'बुवा' म्हणत. जेट्टीवर बुवा म्हणवले जाणारे आणखी दोघे-तिघे होते, म्हणून ही हाक तशीच ठेवायला घरच्यांनी हरकत घेतली नाही.

पार्श्वभूमी

गोव्यातले लोहखनिज खाणीवरून ट्रकने जेट्टीवर येते आणि तिथून बार्जमध्ये भरून मांडवी किंवा जुवारी नदीतून मुरगाव बंदराकडे जाते. पावसाळ्यात आग्वादजवळ वाळूच्या पट्ट्यामुळे मांडवीचे मुख धोक्याचे होते आणि मग बार्ज कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत उतरतात. तांडेल (बार्जचा कप्तान), इंजिन ड्रायव्हर, खलाशी आणि स्वयंपाकी अशी मोजकी माणसे त्या लोखंडी पेटाऱ्यावर दिवसरात्र एकत्र राहतात. आमच्या संघटनेत डिचोली-सत्तरीचे हिंदू होते, तिसवाडी-बार्देशचे ख्रिस्ती होते, कारवार आणि रत्नागिरीकडून आलेलेही पुष्कळ होते.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये खाणी पहिल्यांदा थांबल्या. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून उत्खननाला वाट दिली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद पडल्या. बुवा वारले तेव्हा बहुतेक बार्ज नांगर टाकून गंजत उभ्या होत्या. वर्गणी जवळजवळ बंद झाली होती. संघटनेपुढे वेतनवाढीची मागणी उरली नव्हती, उरली होती ती घरी पाठवलेल्या माणसांची देणी : ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, रजेचे पैसे, आणि जे या काळात दगावले त्यांच्या बायकांची पेन्शन.

ही देणी मिळवून देण्याचे काम बुवा एकटे करत. ते विशीत खलाशी म्हणून लागले होते आणि निवृत्त होईपर्यंत बार्जवरच राहिले. शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. पण ग्रॅच्युइटीचा हिशेब ते बोटांवर करत. शेवटच्या महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे, मग नोकरीच्या पूर्ण वर्षांनी गुणायचे. १८,००० रुपये पगार आणि ३० वर्षे नोकरी म्हणजे ३,११,५३८ रुपये. कामगाराने कागद पुढे करायच्या आत ते हा आकडा सांगत आणि नंतर तोच आकडा कागदावर मांडून त्याच्याकडून तपासून घेत. 'उद्या मी नसलो तर तुला हे करता आले पाहिजे,' असे ते म्हणत. आम्ही ते त्या वेळी बोलण्याची एक लकब म्हणून ऐकले.

त्यांच्या गळ्यात तुळशीमाळ होती. दोन्ही एकादश्या ते करत, गावच्या देवळात गुरुवारच्या भजनाला बसत, आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत सुरू होणारा दामोदराचा भजनी सप्ताह त्यांनी माझ्या माहितीत कधी चुकवला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साथ पसरली असता जांबावलीहून श्रीफळ आणून लोकांनी तो सप्ताह मांडला, ही गोष्ट ते नव्या खलाश्यांना सांगत आणि म्हणत की संकटात माणसे एकत्र आली की आधी एक नियम करतात, आणि तिथला नियम हा की चोवीस तास सूर खाली पडू द्यायचा नाही. एक थकला की दुसऱ्याने उचलायचा. संघटनेतल्या जुन्या डाव्या मंडळींना त्यांच्या माळेचे कोडे पडे. त्यांना स्वतःला ते कधीच पडले नाही.

अडचण कशी उभी राहिली

शनिवारी दुपारी जेवून बुवा पडवीत आडवे झाले ते उठले नाहीत. संध्याकाळपर्यंत खळ्यात दोनशे माणूस जमले. आमचे अध्यक्ष पणजीहून येताना लाल बावटा घेऊन आले आणि रीतीप्रमाणे तो तिरडीवर घालायला निघाले. बुवांचे थोरले बंधू पुढे झाले आणि म्हणाले, 'माळकऱ्याच्या अंगावर हा नको.' अध्यक्ष थांबले, पण मागे सरले नाहीत. भजनी मंडळाने टाळ हातात घेतले होते, ते वाजेनात. जेट्टीवरची तरुण मुले घोषणा द्यायच्या तयारीत होती, तीही गप्प झाली. अशा वेळी कोणी एक शब्द जास्त बोलला तर पुढची दहा वर्षे दोन घरांत जाणे-येणे बंद होते, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते.

बुवांच्या पत्नी, आमच्या वहिनी, उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी अध्यक्षांना विचारले, 'धुतलेला आहे का तो?' कोणालाच काही कळेना. त्या म्हणाल्या, 'एक मेच्या आधी दरवर्षी तो मीच धुते. यंदा तुम्ही परत नेलात तो मळकाच.' आणि मग दिराकडे पाहून : 'भावोजी, माळ गळ्यात आहे ती राहू दे. बावटा पायांकडून घाला, वेशीपर्यंत.' तसेच झाले. वेशीवर बावटा काढून घडी केली, तिथेच एकदा घोषणा झाली, आणि पुढे स्मशानापर्यंत फक्त भजन होते.

हा पहिला प्रसंग त्यांनी सोडवला. त्यातून आम्ही शिकायला हवे होते की या माणसाच्या बाबतीत कुठल्याही गोष्टीचा निर्णय त्या घराला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. आम्ही ते शिकलो नाही. पुढच्या चार दिवसांत आमच्याकडून दोन चुका झाल्या.

पहिली माझी. रविवारी रात्री मी शोकपत्रक लिहिले आणि सोमवारी त्याच्या पाचशे प्रती वाटल्या. त्यात मी लिहिले की बुवांनी 'घरादाराची पर्वा न करता' कामगारांसाठी आयुष्य वेचले आणि एका संपात 'तुरुंगवास भोगला'. दोन्ही वाक्ये मी विचार न करता लिहिली. अशा पत्रकांत ती असतातच, हात आपोआप तिकडे वळतो. बुधवारी त्यांची मुलगी पत्रक घेऊन माझ्या घरी आली. ती म्हणाली, 'काका, बाबांना एक रात्र चौकीत बसवले होते, सकाळी सोडले. तुरुंग त्यांनी पाहिला नाही. आणि पर्वा केली नाही म्हणजे काय? माझ्या दहावीच्या परीक्षेत ते रोज रात्री साडेनऊला जेट्टीवरून फोन करायचे, नाण्याच्या बूथवरून, पावसात रांगेत उभे राहून. आई हे वाचून जेवली नाही.' मी लिहिलेले वाक्य गौरवाचे होते असे मी तिला सांगितले नाही, एवढेच त्या दिवशी मी बरोबर केले.

दुसरी चूक खजिनदारांची, पण त्यामागचे कारण खरे होते. बुवांची एक लांबोडकी, कापडी पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात चालू असलेल्या सगळ्या दाव्यांच्या नोंदी होत्या. संघटनेच्या कार्यालयात फायली होत्या, पण कोणता कागद कुठे दिला, कोणाची सही बाकी आहे, कुठली तारीख टळता कामा नये, हे फक्त वहीत. आम्हाला एका दाव्याची आठवण होती : रत्नागिरीच्या एका तांडेलाची ग्रॅच्युइटी कंपनीने मार्चमध्ये लेखी नाकारली होती. तेव्हाच्या नियमांप्रमाणे अशा नकारानंतर नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, ९० दिवसांच्या आत अर्ज करायचा असे. उशीर सकारण माफ होऊ शके, पण तो माफ करून घेणे हाच एक वेगळा खटला होऊन बसे. आमच्या अंदाजाने मुदत मृत्यूनंतरच्या अकराव्या-बाराव्या दिवशी संपत होती. नक्की तारीख वहीत होती आणि वही घरी.

खजिनदार तिसऱ्या दिवशी घरी गेले आणि ती संघटनेची मालमत्ता आहे असे म्हणाले. थोरल्या बंधूंनी सांगितले की वही बुवांच्या फोटोपुढे समईशी ठेवली आहे आणि तेराव्यापर्यंत तिथल्या कशाला कोणी हात लावणार नाही. त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी परस्पर ठरवले की येत्या रविवारी डिचोलीत जाहीर शोकसभा घ्यायची, पणजीहून तीन नेत्यांना बोलवायचे. घर सुतकात होते, घरातले कोणीही त्या सभेला येऊ शकले नसते.

पुढे आलेले पर्याय

बुधवारी रात्री आमची समितीची बैठक झाली. सभेविषयी तीन मते होती. अध्यक्षांचे म्हणणे होते की सभा लगेचच झाली पाहिजे, कारण कामगार पांगलेले आहेत, कारवारचे लोक महिनाभर थांबणार नाहीत आणि आठवण ताजी असतानाच माणसे जमतात. यात तथ्य होते. दुसरे मत असे की धार्मिक विधी घरचे करतील, भजनी मंडळ त्यांचे भजन करील, आपण आपली सभा वेगळी आणि आपल्या पद्धतीने करू. म्हणजे कोणाचा कोणाला अडथळा नाही. ऐकायला हे सोयीचे वाटले आणि बहुतेकांचा कल तिकडे होता. तिसरे मत एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरने मांडले. ते भजनी मंडळात पखवाज वाजवत आणि संघटनेचे सभासदही होते. ते म्हणाले, 'दोन सभा केल्यात तर दोन बुवा होतील. मी कुठल्या बुवांसाठी येऊ?'

फलकावर नावाआधी काय लिहायचे यावरही तासभर गेला. अध्यक्षांना 'कॉम्रेड' हवे होते. भजनी मंडळाने आपल्या सूचनाफलकावर आधीच 'ह. भ. प.' लिहिले होते. बाहेरच्याला हा वाद क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते तोच या प्रकरणाचा गाभा होता. प्रत्येक बाजूला बुवा आपले हवे होते, आणि आपले करून घेण्यासाठी त्यांची दुसरी बाजू थोडी झाकावी लागत होती. आमच्यातल्या काहींना माळ ही त्यांची खासगी सवय वाटत होती. भजनातल्या काहींना संघटना ही पोटापाण्याची उठाठेव वाटत होती.

वहीबाबत पर्याय थोडे होते : तेराव्यापर्यंत थांबायचे आणि मुदतीचा धोका पत्करायचा, कार्यालयातल्या फायलींवरून अर्ज तयार करायचा, किंवा पुन्हा घरी जाऊन विनंती करायची. पहिला पर्याय बुवांनी स्वतः कधी मान्य केला नसता. दुसऱ्यावर आम्ही दोन रात्री घालवल्या, पण कंपनीच्या नकारपत्राची मूळ प्रत आणि ते हाती पडल्याची तारीख फाईलमध्ये मिळाली नाही. तिसऱ्या पर्यायाची वाट खजिनदारांनी आधीच काट्यांनी भरून ठेवली होती.

स्मारकाचे विचारही लगेच सुरू झाले. जेट्टीजवळ अर्धपुतळा, भजन स्पर्धेत त्यांच्या नावाचा फिरता चषक, मुलांना शिष्यवृत्ती. संघटनेच्या खात्यात तेव्हा पुतळ्याच्या चौथऱ्याइतकेही पैसे नव्हते, म्हणून त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

काय केले

गुरुवारी सकाळी मी आणि ते पखवाजवाले ड्रायव्हर घरी गेलो. वहीचे नाव काढायचे नाही असे आम्ही ठरवले होते. मी वहिनींसमोर पत्रकाबद्दल क्षमा मागितली आणि नवे पत्रक तुम्ही वाचल्याशिवाय छापणार नाही असे सांगितले. ड्रायव्हर थोरल्या बंधूंशी पडवीत बोलत बसले. बोलता बोलता त्यांनी त्या रत्नागिरीच्या तांडेलाची हकीकत सांगितली : बुवा आजारी असताना त्यांची पाळी तो सलग चार रात्री कसा उभा राहिला, आणि आज तो गावी आंब्याच्या बागेत मजुरी कशी करतो. बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पुतणीला हाक मारली आणि म्हणाले, 'वही हलवायची नाही. पण तुझ्या मोबाईलमध्ये फोटो काढता येतात ना?'

तिने समईच्या उजेडात, वही तिथेच उघडून, एकेक पान उलटत फोटो काढले. रात्री ते सगळे माझ्याकडे आले. नकारपत्र हाती पडल्याची तारीख सातव्या पानावर लाल शाईने होती आणि तिच्यापुढे मुदत संपण्याची तारीख. आमचा अंदाज दोन दिवसांनी चुकला होता; मुदत आम्ही धरली होती त्याच्या आधी संपत होती. नकारपत्र पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात होते. तांडेलाचा अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल झाला.

पण मला सांगायचे आहे ते वहीच्या दुसऱ्या टोकाबद्दल. पुढून उघडली की दावे होते. मागून, उलटी करून उघडली की भजनाच्या पाळ्या होत्या : कोणत्या गुरुवारी कोण गाणार, पखवाज कोणाचा, रूपाचा अभंग कोणाला द्यायचा, गौळणीला कोणत्या मुलाला पहिल्यांदा बसवायचे. आणि या दोन टोकांच्या मधोमध, जिथे दोन्हीकडून आलेल्या नोंदी एकमेकींना भेटत होत्या, तिथे वेगळीच एक यादी होती. वर्षानुवर्षांची. 'सप्ताह – माझ्याऐवजी' आणि पुढे एका ख्रिस्ती ड्रायव्हरचे नाव. '३ डिसेंबर, जुने गोवे फेस्त – त्याच्याऐवजी मी.' 'नाताळची रात्र – मी.' 'ईद – मी.' 'चवथ, दोन दिवस – तो आणि त्याचा भाऊ.' बार्जवर रजा मागून मिळत नसे, म्हणून माणसे आपसात पाळ्या बदलत, आणि कोणाचे देणे कोणाकडे राहिले हे बुवा लिहून ठेवत. फेडले की बारीक बरोबरची खूण. एकही नोंद खुणेविना राहिली नव्हती.

ही पाने मी समितीला दाखवली तेव्हा 'कॉम्रेड' की 'ह. भ. प.' हा प्रश्न कोणी पुन्हा काढला नाही. संघटनेच्या शोकप्रस्तावात कॉम्रेड राहिले, मंडळाच्या पत्रात ह. भ. प. राहिले, आणि सभेच्या फलकावर नुसते पूर्ण नाव व खाली 'बुवा' एवढेच लिहिले.

रविवारची सभा रद्द केली. पणजीच्या एका ज्येष्ठ नेत्याला ते आवडले नाही आणि ते पुढे आलेही नाहीत. ही किंमत आम्ही जाणून मोजली. सभा तेराव्यानंतरच्या रविवारी गावच्या शाळेत घेतली. देवळाचा सभामंडप मोठा होता, पण तिथे आमच्यातल्या काहींना अवघडल्यासारखे झाले असते, आणि डिचोलीतल्या सभागृहात वहिनींना. आधी अर्धा तास भजन झाले. नाट, रूपाचा अभंग, गजर. मग दोन मिनिटे शांतता. बोलणाऱ्यांना एकच अट होती : विशेषणे नकोत, बुवांनी केलेली एक गोष्ट सांगा. कारवारचा एक खलाशी म्हणाला की बुवांनी त्याला पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवले आणि आता तो ती मुलाला शिकवतो. एवढे बोलून तो खाली बसला. त्यानंतर कोणाला लांब बोलता आले नाही. सप्ताहात बुवांची पाळी धरणाऱ्या त्या ख्रिस्ती ड्रायव्हरने आपल्या चर्चमध्ये त्यांच्या नावाने मीस, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगितली होती; ते सभेत जाहीर करावे का यावर थोडी कुजबुज झाली, तेव्हा थोरले बंधूच उठले आणि त्यांनी ते स्वतः सांगितले.

सुधारलेले पत्रक सभेत वाटले. त्यात 'यापूर्वीच्या पत्रकातील दोन विधाने चुकीची होती' हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घातले. ते तळटीपेत टाकावे असा सल्ला मला मिळाला होता.

परिणाम

रत्नागिरीच्या तांडेलाचा दावा पुढे मंजूर झाला. पुतळा झाला नाही. जमलेल्या थोड्या पैशांतून भजनी मंडळाला एक पखवाज दिला आणि उरलेल्यातून दर रविवारी सकाळी दाव्यांचे टेबल सुरू केले. तिथे आता तिघे बसतात. नियम एकच : प्रत्येक नोंद दोघांच्या हातची आणि मूळ कागद कामगाराकडेच ठेवायचा, आपण प्रत घ्यायची.

वर्षश्राद्धाला मोठी सभा घ्यायची होती, पण २०२० च्या जूनमध्ये महासाथीचे निर्बंध होते. घरी पाच माणसांनी भजन केले. सभेसाठी बाजूला ठेवलेली रक्कम बार्जवर अडकून पडलेल्या परगावच्या कामगारांच्या किराण्यावर खर्च केली; वहिनींना विचारूनच.

एक गोष्ट मात्र राहून गेली. वहीतल्या दोन नोंदी बुवांनी स्वतःच्या खुणांनी लिहिल्या होत्या. त्या कोणाच्या, हे आम्हाला तेव्हा उलगडले नाही. त्यांतली एक कारवारकडच्या एका स्वयंपाक्याच्या विधवेची होती. नवरा नोकरीत असताना वारला होता आणि कुटुंब पेन्शनसाठीचा १०-डी अर्ज भरायचा होता. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा मूळ दाखला बुवांकडे होता. बुवा मागे लागलेले आहेत अशा विश्वासाने ती आठ महिने गप्प राहिली. दाखला शेवटी बुवांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत मिळाला. टाळांची जोडी ज्या फडक्यात गुंडाळलेली होती त्याच्या घडीत, प्लास्टिकच्या पाकिटात, कोरडा. घरच्यांनी पिशवी सोडून पाहिली नव्हती आणि आम्ही विचारले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

मृत्यूनंतरचे पत्रक लिहिण्याची घाई नव्हती. वर्तमानपत्रातली निधनवार्ता पुरेशी होती. पत्रक तेराव्यानंतर, घरच्यांना दाखवून काढता आले असते. ज्याला आपण मानतो त्याच्याविषयी ठरलेली वाक्ये लिहिणे ही त्याच्या माणसांची उपेक्षा असते, हे मला त्याच्या मुलीने सांगावे लागले.

वहीसाठी पहिल्यांदा कोणी जायचे हा निर्णय आम्ही घेतलाच नाही. ज्यांना काळजी वाटली ते गेले. दोन्हीकडचे मानले जाणारे एक माणूस आमच्यात होते. ते आधी गेले असते तर बंधूंना नकार द्यावा लागला नसता आणि त्या चार दिवसांचा कडवटपणा वाचला असता. खजिनदार आणि बंधू यांच्यात अजूनही पूर्वीसारखे बोलणे नाही.

सगळ्यात मोठी चूक मृत्यूच्या फार आधीची आहे. एका माणसाच्या वहीवर आणि पिशवीवर आम्ही संघटना चालवत होतो आणि त्याला निष्ठा म्हणत होतो. बुवा प्रत्येकाला हिशेब शिकवत होते. समितीतल्या एकानेही नोंद ठेवणे शिकून घेतले नाही. वर्षातून एकदा सगळे चालू दावे समितीपुढे वाचून दाखवायचे एवढी साधी पद्धत असती तर ती बाई आठ महिने थांबली नसती.

फोनबद्दलचा निर्णय मात्र मुलीने एकटीने घेतला आणि तो बरोबर ठरला. बुवा गेल्यानंतरही त्यांचा नंबर दिवसाला सात-आठ वेळा वाजत होता. ज्यांना बातमी कळली नव्हती ते कामगार, आणि ज्यांना कळली होती पण दुसरा नंबर माहीत नव्हता तेही. आम्ही तिला सिम बंद करायला सांगितले, त्रास नको म्हणून. तिने ते रिचार्ज करत ठेवले, फोन घेताना आधी बाबा गेल्याचे सांगायची आणि मग नाव व काम एका वहीत लिहून रविवारी टेबलावर आणून द्यायची. त्या विधवेचा पत्ता आम्हाला लागला तो असाच. तिने शेवटी चौकशीसाठी केलेला फोन मुलीने उचलला होता. पेन्शनचा पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशीही बाईने फोन केला तो त्याच नंबरवर. मुलीने तारीख लिहून घेतली आणि तिच्यापुढे बारीक बरोबरची खूण केली.